कळ दिसत नाही, हजेरी मात्र लागते

मज्जातंतूंचे जुनाट दुखणे सोबत घेऊन नोकरी किंवा शिक्षण चालू ठेवणाऱ्या नाशिकमधील काही परिचितांना मी गेल्या पावसाळ्यात एक विनंती केली. दुखणे किती तीव्र आहे हे लिहू नका, कारण ते वाचणाऱ्याला मोजता येत नाही. त्याऐवजी त्या दुखण्यासह कामाचा दिवस कसा निभावला, किंवा का निभावता आला नाही, तेवढेच लिहा. आलेल्या मजकुरातून नावे आणि संस्था मी काढल्या आहेत. सुरुवात स्वतःपासून करते.

शिक्षिका, नाशिकरोड, वय ५२

मी आठवी-नववीला मराठी शिकवते. सात वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका सकाळी दुचाकीवरून शाळेत जाताना उजव्या गालाला गार वारा लागला आणि वरच्या दाढेपासून डोळ्याखालपर्यंत वीज उतरावी तशी कळ गेली. दहा सेकंदांत ती ओसरली, पण तोवर मी गाडी कडेला घेऊन उभी होते. दातांचेच दुखणे असणार, या समजुतीने आधी एका दाढेचे रूट कॅनॉल झाले, मग तीच दाढ काढली. कळ होती तिथेच राहिली. पुढे मेंदूविकारतज्ज्ञांनी ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे निदान केले. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या पाचव्या मज्जातंतूवर, तो मेंदूतून बाहेर पडतो त्या जागी, रक्तवाहिनी टेकून राहिली की त्याचे आवरण झिजते आणि साधा स्पर्शही वेदना होऊन पोचतो, असे त्यांनी एमआरआयवर बोट ठेवून समजावले.

या आजाराची गोम अशी की दोन कळांच्या मधल्या वेळात माणूस ठणठणीत असतो. आदल्या दिवशी लग्नात मला हसताना पाहिलेल्या सहकाऱ्यांना आज माझ्याने तास घेववत नाही हे खोटे वाटे, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटले असते. माझी कळ नेमकी ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणताना ओठ मिटले की सुटायची. कविता वाचताना त्या अक्षरांच्या आधी मी नकळत थांबू लागले. मुलांना तो माझा वाचनाचा ढंग वाटला आणि वर्गातली दोघे-तिघे तशीच वाचू लागली.

कार्बामाझेपिन या औषधाने कळा आटोक्यात आल्या, पण डोके जड राहू लागले, फळ्यासमोर साधे शब्द आठवेनात, आणि एकदा रक्तातील सोडियम इतके उतरले की चार दिवस रुग्णालयात काढावे लागले. मुख्याध्यापकांना मी दोन वर्षे ‘फार त्रास होतो’ असे सांगत होते आणि ते दोन वर्षे ‘काळजी घ्या’ असे सांगत होते. तिसऱ्या वर्षी मी लिहून दिले की नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळचे पहिले दोन तास मला नकोत, त्याबदल्यात दुपारचे दोन तास आणि एका तुकडीच्या वह्यांची तपासणी जादा घेईन. तो अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला.

यंत्रचालक, अंबड औद्योगिक वसाहत, वय ३४

पाथर्डी फाट्याजवळ गाडी घसरून डाव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले तेव्हा हाड जुळलेले होते, पण पंजा सुजलेला, कधी लाल तर कधी निळसर, आणि कातडी चकचकीत झाली होती. शर्टाची बाही घासली तरी हाताची आग होई. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, बदलताना कूलंटचा, म्हणजे यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, थेंब उडाला की उकळते तेल उडाल्यासारखे वाटे. सुपरवायझरने एक्स-रे पाहायला मागितला आणि मीच तो आणून दिला. त्यात हाड जुळलेले स्पष्ट दिसत असल्याने तो माझ्याविरुद्धचाच पुरावा ठरला. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, परंतु माझे बरेचसे दिवस हे नेमके काय आहे याचा शोध घेण्यातच संपले. शेवटी कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम हे नाव कळले, म्हणजे इजा भरून आल्यावरही त्या अवयवात वेदना चालू राहण्याचा आजार.

मी हात जपून, पोटाशी धरून चालत असे, आणि तीच माझी चूक होती, असे फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितले. त्यांनी दोन गोष्टी लावून दिल्या. एक आरसा: डावा हात त्याच्यामागे ठेवायचा आणि उजवा हलवायचा, म्हणजे आरशात डावाच हात न दुखता हलतो आहे असे डोळ्यांना दिसते. दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातली: हात आधी मैद्याच्या डब्यात, मग तांदळात, मग मसुरात फिरवायचा. पहिल्या दिवशी मैद्यातही तो अर्धा मिनिट टिकला नाही आणि मसुरापर्यंत पोचायला पाच महिने गेले. आई रोज तो मैदा चाळून ठेवी आणि त्याची पोळी मात्र कधीच करत नसे. आता मी तपासणी विभागात आहे. उजव्या हातात व्हर्नियर हे मोजमापाचे साधन, डाव्यात जॉब. थंडीत लोखंडी जॉब धरायचा तर सुती मोजा घालावा लागतो, एवढेच.

शिवणकाम करणाऱ्या काकू, पंचवटी, वय ६३

मला डाव्या बरगडीवर नागीण झाली. तिची दोन तोंडे एकत्र आली की माणूस जातो, असे लहानपणापासून ऐकलेले, त्यामुळे पहिले चार दिवस गेरू लावण्यात आणि उतारे करण्यात घालवले. लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूत दबून असतो आणि तो उठला की नागीण होते, तसेच त्याच्यावरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू केलेल्या चांगल्या, हे नंतर कळले. फोड सुकले, आग राहिली, तिला आता तीन वर्षे होतील. दिवसभर मी दुसऱ्यांच्या छातीला टेप लावून ब्लाउजची मापे घेते आणि स्वतःच्या अंगाला मात्र जुन्या धोतराच्या मऊ फडक्याशिवाय काही सोसत नाही. या आगीवरची गॅबापेंटिन ही गोळी घेतल्यावर झोप येते, म्हणून कापड बेतण्याचे काम मी सकाळी, गोळीच्या आधी उरकते. दुपारी फक्त हुक-काजे. हा नियम एका गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडाची बाही उलटी कापल्यावर केला, आणि त्या कापडाचे पैसे भरून दिले.

औषध दुकानातील कर्मचारी, शालिमार, वय ४८

माझ्या तळपायांना मुंग्या येत आणि रात्री चादर लागली तरी आग होई. मधुमेहामुळे असेल म्हणून मी सोडून दिले. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, हे मी गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो. स्वतः अकरा वर्षे घेत असून तपासणी केलेली नव्हती. (यावर काय बोलावे!) इंजेक्शनांनी मुंग्या कमी झाल्या, आग पूर्ण गेली नाही. मालकांकडे रजा मागितली नाही, काउंटरमागे एक उंच स्टूल मागितले. ते मिळाले.

विधी शाखेचा विद्यार्थी, गंगापूर रोड, वय २३

मोटारसायकलच्या अपघातात उजव्या खांद्यातील मज्जातंतूंचे जाळे ओढले जाऊन मुळापासून तुटले. या हाताला टाचणी टोचलेली कळत नाही आणि तरीही तोच हात चोवीस तास भाजत असतो, ही गोष्ट डॉक्टर सोडून कोणालाच पटवून देता आलेली नाही. दिव्यांगत्वाच्या तपासणीत हाताची ताकद आणि हालचाल मोजली गेली. आगीचा प्रश्न कोणी विचारला नाही. प्रमाणपत्रामुळे परीक्षेला लेखनिक, म्हणजे मी सांगेन ते उत्तर लिहिणारी व्यक्ती, मिळतो आणि दर तासामागे २० मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. ही सवलत उपकारक आहे, हे मान्य करूनही सांगतो की थकव्याबरोबर आग वाढत जाते आणि चौथा तास मला सर्वांत महाग पडतो.

दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी असले तरी लिहिण्यात अडचण असलेल्याला लेखनिक नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. माझे प्रमाण त्याहून जास्त असल्याने मला त्याची गरज पडली नाही, परंतु बोटांच्या दुखण्यामुळे निम्मा पेपर कोरा सोडणाऱ्या एका वर्गमित्राला तो मी छापून दिला.

आपण आणलेला लेखनिक शिक्षणात आपल्याहून खालच्या पायरीवरचा असावा लागतो. माझी लेखनिक वाणिज्य शाखेची आहे. पहिल्या पेपरला ‘पूर्वपीठिका’ शब्दातला ‘पू’ कोणता, असे तिने विचारले आणि मी डाव्या हाताने हवेत दीर्घ उकार काढून दाखवला. पर्यवेक्षक लगेच जवळ येऊन उभे राहिले. आता मी असे शब्द टाळतो. उत्तर सांगत असताना आगीची लाट आली की माझे वाक्य मध्येच तुटते. ती तेव्हा काही विचारत नाही, फक्त कच्च्या कागदावर माझे शेवटचे तीन शब्द लिहून ठेवते आणि पेन उचलून थांबते. लाट ओसरली की कागद माझ्याकडे वळवते आणि मी तिथून पुढे सांगू लागतो.