तक्ते, अंकलिपी, वह्या: छोट्या प्रकाशकाने नावाची नोंदणी करावी की नाही?

कोल्हापूरची तक्तेवाली

आमचा छोटा छापखाना आहे. शालेय तक्ते, अंकलिपी, उजळणी आणि पहिली-दुसरीच्या सरावपुस्तिका छापतो. यंदा शाळा सुरू व्हायच्या तोंडावर बाजारात आमच्या बाराखडीच्या तक्त्याची नक्कल आली. पिवळी चौकट तीच, कोपऱ्यात पाटी घेऊन बसलेली मुलगी तीच, नावात फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. आमच्या स्वरांच्या ओळीत ॲ आणि ऑ आहेत, कारण २००९ च्या शासन निर्णयाने ते वर्णमालेत घेतले. नकलेत ते नाहीत, म्हणजे आमच्या कुठल्या तरी जुन्या छपाईवरून उचललेला माल आहे. लॅमिनेशन कडेला सुटतंय. आणि फोन आम्हाला येतात: "ताई, पोराच्या पुस्तकात ॲ आहे, तुमच्या तक्त्यात का नाही?"

माझं मत स्पष्ट आहे. शैक्षणिक छपाईत असलेल्या प्रत्येकाने, कितीही लहान असला तरी, नावाचा ट्रेडमार्क, म्हणजे सरकारदरबारी नोंदवलेलं व्यापारचिन्ह, आधी घ्यावा आणि पहिला फर्मा मग मशीनवर चढवावा. कागद, वह्या, छापील साहित्य, शिकवण्याची साधनं हे सगळं नोंदणीसाठी केलेल्या मालाच्या वर्गांपैकी वर्ग १६ मध्ये येतं. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये पडतात, मोठ्या कंपनीला ९,०००. नोंदणी १० वर्षं चालते आणि पुढे वाढवता येते. दोन रिम चांगला आर्ट पेपर वाया गेला तरी आपण हळहळतो, मग ज्या नावावर सगळा धंदा उभा आहे त्याला एवढे पैसे का घालू नयेत?

दुसरं असं की चुकीचा तक्ता भिंतीवर लागला की मूल वर्षभर तेच बघतं. खाऊ फसवा निघाला तर दुसऱ्या दिवशी कळतं. इथे कळायला शाळेत बाईंनी वही तपासावी लागते. म्हणून मला हा नुसता व्यापाऱ्यांचा विषय वाटत नाही.

अप्पा बळवंत चौक

ताई, तुमचा राग रास्त आहे, पण सल्ला पटला नाही. मी घाऊक विकतो. आमचा सीझन एप्रिल ते जुलै. नकली माल मे महिन्यात येतो आणि जुलैत संपतोही. तुम्ही वकील गाठणार, तो नोटीस काढणार, समोरचा उत्तर देणार, तोवर त्याने नाव बदलून दिवाळी अंकाचं काम घेतलेलं असतं. पोलिसांत गेलात तर छाप्याआधी त्यांना ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत मागवावं लागतं, ही अट कायद्यातच आहे. ४,५०० रुपये नुसता अर्जाचा खर्च आहे. भांडायला किती लागतात ते कोणी सांगत नाही.

आणि नावं कोणती आहेत आपल्या धंद्यात? सरस्वती, विद्या, ज्ञान, बाल, आदर्श, सुलभ. माझ्या एका फळीवर सरस्वतीचं चित्र असलेल्या वह्या निरनिराळ्या गावांहून येतात, कोणी कोणाची नक्कल केलेली नाही. उद्या त्यातल्या एकाने नोंदणी करून बाकीच्यांना नोटिसा धाडल्या तर? हे काल्पनिक नाही. नोटीस आली की लहान वहीवाला घाबरून माल मागे घेतो, चूक असो वा नसो. कायद्याचं हत्यार ज्याच्याकडे पैसा त्याच्याच हातात राहतं. देवादिकांची आणि रोजच्या वापरातली नावं सगळ्यांना मोकळी राहावीत, असं माझं ठाम म्हणणं आहे.

वर्ग सोळा

मी याच क्षेत्रात वकिली करतो. दोघांचंही थोडं थोडं खोडतो.

दादा, सरस्वतीबद्दल तुमची भीती कायद्यालाही मान्य आहे. अगरबत्ती आणि अत्तरासाठी 'रामायण' हे नाव एकट्याला हवं होतं, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नकार दिला: धर्मग्रंथाच्या नावावर एकाची मक्तेदारी नाही. शिवाय १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ सांगतं की मालाचं नुसतं वर्णन करणारं नाव नोंदता येत नाही, दीर्घ वापराने ते त्या माणसाचंच म्हणून ओळखलं जाऊ लागलं असेल तर गोष्ट वेगळी. 'सुलभ अंकलिपी'वर कोणी हक्क सांगितला तर तो फार टिकणार नाही. आणि तुम्ही त्याच्या आधीपासून ते नाव वापरत असाल तर कलम ३४ प्रमाणे नोंदणीवाला तुम्हाला थांबवू शकत नाही. अर्ज स्वीकारला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या नियतकालिकात, छापून येतो, तिथून ४ महिने कोणालाही हरकत घेता येते. आपल्या लोकांची खरी अडचण ही आहे की ते जर्नल कोणी उघडतच नाही.

ताई, आता तुमच्याकडे वळतो. नोंदणी नसेल तर काहीच करता येत नाही, हा समज सोडा. कलम २७ ने 'पासिंग ऑफ'चा दावा राखून ठेवलाय, म्हणजे स्वतःचा माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याविरुद्धचा. नोंदणीशिवायही तो लावता येतो. फक्त तिथे तुमचं नाव लोकांच्या ओळखीचं आहे हे तुम्हाला पुराव्याने दाखवावं लागतं. नोंदणी असेल तर हे ओझं पुष्कळ हलकं होतं, आणि कलम १३४ मुळे दावा तुमच्या स्वतःच्या जिल्ह्यात लावता येतो. कोल्हापूरच्या माणसाला दिल्लीला खेपा घालाव्या लागत नाहीत, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

सीझन निघून जातो, हे खरं आहे. पण उशीर झाला म्हणून हक्क बुडतोच असं नाही. याला स्टेशनरीचाच दाखला आहे. 'नटराज' नावावरून हिंदुस्तान पेन्सिल्सने लावलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये म्हटलं की समोरच्याने बेइमानीने नाव उचललं असेल तर नुसत्या उशिराच्या सबबीवर मनाई हुकूम नाकारू नये, कारण फसतो तो ग्राहकही. याच्या उलट 'अमृतधारा' विरुद्ध 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या नावांचा १९६२ चा निकाल बघा. सर्वोच्च न्यायालयाला नावं फसवी वाटण्याइतकी सारखी वाटली, तरीही अमृतधारावाले वर्षानुवर्षं गप्प बसले म्हणून लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. उशीर चालतो, मूक संमती चालत नाही. नक्कल दिसताच निदान एक लेखी पत्र तरी गेलंच पाहिजे.

एक इशारा: नोंदणी हातात येण्याआधी नावापुढे गोलातला 'आर', म्हणजे 'नोंदणीकृत'ची खूण, छापू नका. त्याला दंड होऊ शकतो. तोवर 'टीएम', म्हणजे नुसतं 'ट्रेडमार्क', छापा.

जव्हारच्या बाई

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मला या चर्चेत मुलं कमी आणि मालकी जास्त दिसते. आमच्याकडची निम्मी साधनं आम्हीच करतो: पुठ्ठ्याची अंककार्डं, बियांच्या माळा, झेरॉक्स काढलेले सराव कागद. दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी ते उचलले तर आम्हाला आनंदच होतो. हळूहळू प्रत्येक खेळाला, प्रत्येक पद्धतीला नाव देऊन कोणी त्यावर कुंपण घालू लागलं तर? 'माँटेसरी' या नावावरून अमेरिकेत असंच भांडण झालं होतं. १९६७ मध्ये तिथल्या ट्रेडमार्क मंडळाने ते शिक्षणपद्धतीचं सर्वसाधारण नाव ठरवलं, कोणा एका संस्थेचं नाही. ते बरं झालं म्हणून आज कोणतीही बालवाडी तो शब्द वापरू शकते. असा निकाल दर वेळी लागेल याची खात्री कोण देणार?

आणि मी सरावपत्रिकेवर 'बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पुस्तकावर आधारित' असं लिहिलं तर तेही चुकीचं का?

कोल्हापूरची तक्तेवाली

बाई, तुमची अंककार्डं कोणी अडवत नाही, अडवूही शकत नाही. ट्रेडमार्क नावावर आणि ओळखीवर असतो, शिकवण्याच्या युक्तीवर नाही. मी बाराखडीवर हक्क सांगत नाही, ती सगळ्यांची आहे. माझं नाव आणि माझी चौकट लावून कोणी चुकीची बाराखडी विकू नये, इतकंच मागते. तुम्ही तुमच्या कागदावर तुमच्या शाळेचं नाव लिहिता ना? ते नाव पुसून किंवा किंचित बदलून कोणी चुकांनी भरलेले कागद तालुक्यात वाटले तर तुम्हालाही चालणार नाही.

वर्ग सोळा

बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर: आपला माल कशासाठी आहे हे प्रामाणिकपणे सांगण्यापुरतं दुसऱ्याचं नाव घेता येतं, कलम ३० मध्ये तशी मुभा आहे. मात्र 'बालभारती' मोठ्या ठशात आणि तुमचं नाव तळाला बारीक, असं नको. पुस्तकातले धडे आणि चित्रं जशीच्या तशी छापणं हा कॉपीराइटचा वेगळा विषय आहे.

या दोन गोष्टींची गल्लत फार होते. 'स्क्रॅबल' हा शब्द जुळवण्याचा खेळ आणि कोलकात्याच्या दोन भावांचा तसाच ऑनलाइन खेळ 'स्क्रॅब्युलस' यांचा २००८ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल वाचण्यासारखा आहे. खेळाच्या पटावरचा कॉपीराइट कोर्टाने सकृद्दर्शनी मानला नाही, तसा खेळ करायला मोकळीक राहिली. नावाला मात्र मनाई झाली.

जुना जुळारी

खिळे जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंत सगळं पाहिलंय, म्हणून लिहितो. नाव राखणं हे श्रीमंतांचं काम आहे, असं घाऊकवाले म्हणतात. पण नाव राखण्याच्या कायद्यासाठी जगात हट्ट धरणाऱ्यांत एक पेन्सिलवाला होता. न्युरेम्बर्गजवळच्या लोथार फाबरने आपल्या पेन्सिलींवर 'ए. डब्ल्यू. फाबर' हे नाव ठसवायला सुरुवात केली आणि नकला बोकाळल्यावर १८७४ मध्ये जर्मन संसदेकडे अर्ज केला. पुढच्याच वर्षी तिथे चिन्हसंरक्षणाचा कायदा लागू झाला.

आपल्याकडे दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पूड आणि वड्या करायला घेतल्या. आधी घोडा छाप, मग उंट. उंटाचा शाईशी संबंध काय? काहीच नाही, म्हणूनच ते नाव भक्कम. पुढे कंपनीत जपानी कोकुयो आली, तरी 'कॅमलिन' हे नाव पुसलं नाही. आपले प्रकाशक मात्र 'आदर्श', 'सुगम' यांच्या पलीकडे जात नाहीत आणि मग नक्कल झाली म्हणून रडतात. नाव निवडतानाच कष्ट घ्या.

अप्पा बळवंत चौक

जुळारीकाका, हे मान्य. नाव वेगळं असावं हे मान्य. नोंदणीने सगळं सुटतं, हे अजूनही मान्य नाही. गिऱ्हाईक 'तो पिवळा तक्ता द्या' म्हणतं, नाव घेतच नाही. नक्कल करणाऱ्याने नाव पूर्ण बदललं आणि पिवळी चौकट ठेवली तर ताईंचं नोंदवलेलं नाव काय कामाचं?

दुसरं, मोठे लोक वापरायचीही नसलेली नावं नोंदवून अडवून ठेवतात. त्याचं काय?

वर्ग सोळा

नोंदणीनंतर सलग ५ वर्षांहून अधिक काळ न वापरलेलं नाव कलम ४७ खाली काढून टाकायला लावता येतं. चौकटीबद्दल सांगायचं तर कायद्यातल्या चिन्हाच्या व्याख्येत वेष्टन आणि रंगसंगतीही आहे. पण नुसती पिवळी पट्टी कोणालाही एकट्याला मिळणार नाही. चौकट, मुलगी, मांडणी असं अख्खं लेबल चिन्ह म्हणून वेगळ्या अर्जाने नोंदवा. मुलीच्या चित्रावर कॉपीराइटही आहे. चित्रकाराकडून ते हक्क लेखी घेतलेत का, हे आजच तपासा.

कोल्हापूरची तक्तेवाली

चित्र माझ्या नणंदेने काढलंय, तिच्याशी लेखी करून घेते. नावाचा एक आणि लेबलचा एक, असे दोन अर्ज या महिन्यात घालते.

दादा, सीझनचं कारण मला अजून पटलेलं नाही, कारण नक्कलवाला पुढच्या मे महिन्यातही येणारच आहे. पण तुमच्याकडून एक मदत हवी. तुम्ही बिलावर 'तक्ते, मिक्स' असं लिहिता. माझ्या मालासमोर इथून पुढे माझं नाव पूर्ण लिहा, आणि मागच्या वर्षांची बिलं असतील तर त्यांच्या प्रती पाठवा. कोर्टात वापर दाखवायचा झाला तर तोच कागद लागणार आहे.