उत्तर: उत्तर कोरियाविषयीच्या निवेदनावर सह्या

नमस्कार मंडळी,
मसुदा सोबत आहे. भारताने उत्तर कोरियाची राजधानी प्योंगयांगमधला आपला दूतावास बंद करावा, औषधांसकट सगळा व्यवहार तोडावा, अशी मागणी आहे. 29 ऑगस्ट 2017 ला सकाळी सहाला जे-अलर्ट (जपान सरकारची धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा) वाजला, त्यांचं क्षेपणास्त्र आमच्या होक्काइडोवरून गेलं. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, अजून त्याबद्दल विचारते. रविवारपर्यंत सही कळवा.
(साप्पोरो)

---

ताई, मी सही करणार नाही. राग मानू नका. त्या दिवशी आमचा मुलगा होक्काइडोतच, हाकोदातेला होता. इथे सानपाड्यात रात्रीचे अडीच वाजले होते. त्याचा फोन येईपर्यंत ही देवापाशी बसून होती.

पण संबंध तोडून काय होतं ते आपण पाहिलंय. अमेरिकेशी 1994 मध्ये झालेल्या करारानंतर उत्तर कोरियाची योंगब्योनची अणुभट्टी बंद होती. ज्यातून बॉम्बसाठी प्लुटोनियम काढता येतं, त्या वापरलेल्या इंधनाच्या सुमारे 8,000 कांड्या सीलबंद, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तिथेच. आठ वर्षं त्या कांड्यांना हात लागला नाही. उत्तर कोरिया चोरून बॉम्बच्या दुसऱ्या वाटेच्या, युरेनियमच्या मागे होता, हेही खरं. त्यावरून 2002 मध्ये करारानुसार त्यांना मिळणारं इंधन तेल थांबवलं, त्यांनी निरीक्षक हाकलले, जानेवारी 2003 मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करार सोडला. 9 ऑक्टोबर 2006 ला पहिला अणुस्फोट, 2017 पर्यंत सहा. मागचं दार उघडं सापडलं म्हणून पुढच्या दाराचं कुलूपही गेलं, याची मला आजही हळहळ वाटते.

निर्बंध हवेतच. भारताने 2017 मध्ये अन्न-औषधं सोडून व्यापार थांबवलाच आहे. पण त्यानंतरही आपण तिकडे क्षयाची औषधं पाठवली, ती थांबवून एकही क्षेपणास्त्र थांबणार नाही. निर्बंधांवर नजर ठेवणारी संयुक्त राष्ट्रांची तज्ज्ञसमिती तर मार्च 2024 मधल्या रशियाच्या नकाराधिकारामुळे एप्रिलअखेर संपली. मागायचंच असेल तर निरीक्षक परत योंगब्योनला जाऊ द्या, हे मागा. आपला दूतावास तिथे असला तरच हे तोंडावर सांगता येईल.

आणि एक काम लगेच करा. जे-अलर्टच्या सूचना मराठीत छापून तिकडे येणाऱ्या आईवडिलांना द्या: पक्क्या इमारतीत किंवा तळघरात जा, खिडकीपासून लांब राहा, उघड्यावर असाल तर आडोसा धरा, नाहीतर जमिनीवर पालथे पडून डोकं झाका.
(सानपाडा, नवी मुंबई)

---

काका, औषधांचं वाक्य काढते, निरीक्षकांचं घालते. दूतावासाबाबत मला अजून पटलेलं नाही, रविवारी फोनवर बोलू. सूचनांचं भाषांतर आजच सुरू करते.