बिअर-लँबर्टचा आलेख वाकला की वरचे बिंदू खोडायचे, ही सवय आता सोडायला हवी

निळी_बाटली
बिअर-लँबर्टचा नियम सांगतो की शोषणांक (द्रावण किती प्रकाश शोषतं त्याचं माप) हा संहती, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाचं प्रमाण, आणि द्रावणातून प्रकाशाने कापलेलं अंतर यांच्या प्रमाणात वाढतो. म्हणून संहतीविरुद्ध त्याचा आलेख सरळ रेषा यायला हवा. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाची रीडिंग्ज घेताना विरल द्रावणांचे बिंदू रेषेवर नीट बसतात. संहती वाढवत नेली की रेषा खाली वाकते. मग जर्नलमध्ये वरचे दोन बिंदू गाळायचे आणि पट्टी ठेवून रेघ मारायची! माझ्या मते त्या तासातलं सगळ्यात मोलाचं रसायनशास्त्र याच दोन बिंदूंत असतं.

एकटा असताना मिथिलीन ब्लूचा रेणू ६६४ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला सर्वाधिक शोषतो. द्रावणात गर्दी झाली की असे चपटे रेणू चळतीतल्या पोळ्यांसारखे एकमेकांवर बसतात आणि त्या जोडीचं शोषण ६१० च्या आसपास सरकतं. लाल फिल्टरने मोजणाऱ्याला वाटतं, रंग कमी भरला. रंग तेवढाच असतो, शोषण दुसरीकडे गेलेलं असतं.

रेणू एकावर एक न बसता डोक्याला शेपूट लावून रांगेत सरकते बसले, तर शोषण उलट दिशेला, लांब तरंगलांबीकडे जातं. १९३६ च्या सुमारास इंग्लंडात जेली आणि जर्मनीत शाइबे या रसायनज्ञांना सायनाइन गटातल्या एका कृत्रिम रंगात हे स्वतंत्रपणे दिसलं. सुमारे ५२५ नॅनोमीटरचा रुंद पट्टा मावळून ५७३ जवळ एक अरुंद, टोकदार पट्टा उगवला होता. त्यांनी तो गाळला असता तर?

काचनळी
असहमत. वर्षानुवर्षं हे प्रॅक्टिकल घेते आहे, म्हणून लिहिते. रेषा वाकण्याला रेणूच जबाबदार असतात हे कशावरून? मिथिलीन ब्लू इतका गडद रंग आहे की एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (द्रावण भरायच्या पारदर्शक सेलमध्ये) १०⁻⁵ मोलरलाच (लिटरमागे १०⁻⁵ मोल) शोषणांक पाऊणच्या आसपास जातो. त्याच्या पाचपट संहती घेतलीत की यंत्रातला भटका प्रकाश, म्हणजे द्रावणातून न जाता किंवा नको त्या तरंगलांबीचा होऊन मापकावर पोचणारा प्रकाश, रीडिंग खाली ओढतो. कलरिमीटर या साध्या, रंगीत फिल्टरच्या यंत्राचा फिल्टर एकच तरंगलांबी सोडत नाही, त्यानेही रेषा वाकते. अशा बिंदूवर विद्यार्थ्याने 'रेणूंची चळत' असं लिहिलं तर ती समजूत नाही, पाठांतर आहे. आधी नियम हाताला बसू दे. अपवाद एमएस्सीला शिकवता येतील.

रंगखातं
इचलकरंजीत प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, काम करतो. ताईंचं एक बरोबर आहे, टाकीतल्या पाण्यात उरलेला रंग मोजायचा तर आम्हीही आधी पातळ करतो. पण रेणू गोळा होतात ही गोष्ट आमच्याकडे एमएस्सीपर्यंत थांबत नाही. डायरेक्ट रंगाच्या (सुती धाग्यावर थेट चढणाऱ्या रंगाच्या) बाथमध्ये, म्हणजे रंगाच्या पाण्यात, मीठ एकदम ओतलं की रंगाचे पुंजके होतात, सुताच्या आत न शिरता वरच बसतात आणि कापडावर डाग उठतात. म्हणून मीठ टप्प्याटप्प्याने घालायचं आणि उष्णता द्यायची, म्हणजे पुंजके सुटतात. कामाला येणाऱ्या मुलांना मीठ कधी घालायचं ते पाठ असतं, का ते माहीत नसतं. कॉलेजात एकदा जरी दाखवलं असतं तर कळलं असतं.

निळी_बाटली
@काचनळी, तुमची शंका रास्त आहे, म्हणूनच ती विद्यार्थ्यांसमोर मांडा. १०⁻⁵ मोलर द्रावण एक सेंटिमीटरच्या सेलमध्ये घ्या आणि १०⁻⁴ मोलर एक मिलिमीटरच्या. संहती गुणिले प्रकाशाचा द्रावणातला मार्ग दोन्हीकडे सारखा, म्हणजे नियमानुसार रीडिंगही सारखं यायला हवं, आणि ते यंत्राच्या आवाक्यातलं आहे. तरीही ६६४ चं शिखर खचून ६१० ची बाजू चढली, तर दोष भटक्या प्रकाशाला देता येणार नाही. पातळ सेल नसेल तर त्याच क्युव्हेटमधलं द्रावण कोमट करून बघा. उष्णतेने जोड्या सुटतात आणि लाल फिल्टरचं रीडिंग चढतं.

अपवाद म्हणालात, तेही पटत नाही. हिरवे गंधक जीवाणू प्रकाश गोळा करतात ते याच रीतीने. त्यांच्या क्लोरोसोममध्ये (पेशीतल्या प्रकाश गोळा करणाऱ्या पिशवीत) बॅक्टेरिओक्लोरोफिल या रंगद्रव्याचे रेणू प्रथिनांच्या आधाराशिवाय रचले जातात आणि शोषण सुमारे ६७० वरून ७४० च्या पलीकडे जातं. हा जीव जगतोच त्यावर.

काचनळी
दोन सेलची तुलना चांगली आहे, ती मी नक्की करून बघेन. कोमट द्रावणाचं मात्र जपून. काचेला आतून हवेचे बुडबुडे चिकटले तर रीडिंग तशीही चढतात आणि मुलं तेच उत्तर म्हणून लिहितील. नुसत्या कोमट पाण्याचं रीडिंग आधी घ्यायला लावा.

आणि आमच्याकडे बॅचमागे एकच स्पेक्ट्रोफोटोमीटर (हवी ती तरंगलांबी निवडून शोषण मोजणारं यंत्र) आहे. बाकीच्यांनी कलरिमीटरवरच काम करायचं. परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक सरळ रेषेला गुण देतात. वाकलेली रेषा कारणासकट लिहिणाऱ्या मुलीचे गुण कापले गेले तर तिला मी काय सांगू? आधी गुणदान बदला, मग माझं जर्नल बदलेन.

निळी_बाटली
गुणदानाचा मुद्दा मान्य. तोवर निदान एवढं करता येईल: सरळ भागावर रेघ मारायची, वरचे बिंदू तसेच ठेवायचे आणि शेजारी संहती लिहायची. खोडायचे नाहीत. यात कुणाचे गुण जात नाहीत.