जिल्हा परिषदेच्या शाळेत कोणाच्या हातात नेमकं काय असतं? (निधी, शिक्षकांची पदं, दुरुस्ती, गुणवत्ता)

नवा_सदस्य
शाळा व्यवस्थापन समितीत नव्यानं आलेल्या पालकांसाठी विचारतो आहे. जिल्हा परिषदेची मराठी शाळा, 1 ली ते 5 वी, पट 64. मंजूर शिक्षक 3, हजर 2. खोल्या चार, एकीचं छत गळतं, एक धोकादायक म्हणून कुलूपबंद. वीजबिल थकलेलं. ग्रामपंचायत म्हणते शाळा जिल्हा परिषदेची, पंचायत समिती म्हणते निधी नाही, आणि मुख्याध्यापकांकडे दाखवायला फक्त पत्रव्यवहाराची फाइल आहे.
1) कुठल्या कामासाठी कोणाचं दार ठोठवायचं?
2) शाळेला वर्षाला हक्कानं किती पैसे येतात आणि ते का अडकतात?
3) शाळा चांगली चालली आहे की नाही, हे कशावरून ठरवायचं? वर्गात सगळ्यांनाच "अ" श्रेणी आहे.

लेखाशीर्ष
तुमच्याकडे सगळे खरंच बोलताहेत, फक्त प्रत्येकजण आपल्यापुरतं. शाळा एक असली तरी तिचे धागे चार-पाच ठिकाणी बांधलेले असतात.

1961 च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमानं (अंमल 1 मे 1962 पासून) गावची प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आली. शिक्षक जिल्हा परिषदेचे कर्मचारी आहेत, पण पगाराचा पैसा राज्य शासनाचा, तोही शालार्थ प्रणालीतून. त्यात आणखी एक गाठ: पदं किती आणि काय शिकवायचं हे शालेय शिक्षण विभाग ठरवतो, बदल्यांचं धोरण ग्रामविकास विभाग. त्यामुळे बदलीचं गाऱ्हाणं शिक्षणमंत्र्यांकडे नेलं की ते फिरून परत येतं.

जिल्ह्यात मुख्य कार्यकारी अधिकारी, त्यांच्या हाताखाली शिक्षणाधिकारी (प्राथमिक), तालुक्यात गटशिक्षणाधिकारी, मग विस्तार अधिकारी, मग केंद्रप्रमुख. निवडून आलेली शिक्षण समिती असते, पण 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात सदस्याला गाठून काम मंजूर करून घ्यायची वाटच बंद होती. जुन्या फाइली वाचताना हे ध्यानात ठेवा.

आता पैसा. समग्र शिक्षा या केंद्र-राज्य योजनेतून संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: 30 पर्यंत 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1000 ला 75,000, त्यापुढे एक लाख. तुमचा पट 64, म्हणजे 25,000. त्यातले किमान 10 टक्के, 2,500 रुपये, स्वच्छतेवर. उरलेल्यात खडू, नोंदवह्या, वीज, इंटरनेट, किरकोळ दुरुस्ती सगळं बसवायचं. याशिवाय क्रीडा साहित्याला प्राथमिक शाळेसाठी 5,000 पर्यंतची तरतूद आहे. गणवेशाला प्रत्येकी 600 रुपयांची मर्यादा आहे. या योजनेत केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40.

अडकतं कुठे? पैसा आता शाळेच्या खात्यात पडून राहत नाही. शाळेला खर्चाची मर्यादा मिळते, ती बहुधा वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत, आणि 31 मार्चला उरलेली मर्यादा परत जाते. तेवढ्या अवधीत दुकानदाराची पीएफएमएसवर (सरकारी पैशाच्या ऑनलाइन प्रणालीवर) नोंदणी, बिल, ठराव, पेमेंट ॲडव्हाइस, सगळं उरकायचं. सगळ्यात जास्त शाळा अडकतात ते अध्यक्ष बदलल्यावर: जुन्या अध्यक्षाची सही बँकेत तशीच असते आणि कोणाच्या लक्षात येतं मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. नवी समिती झाली की त्याच महिन्यात ठरावाची प्रत, अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांचं केवायसी, बँकेचा सहीबदलाचा अर्ज आणि गट साधन केंद्राला पत्र, एवढं हातावेगळं करा. खरेदीची यादी डिसेंबरच्या सभेत मंजूर करून ठेवा. मर्यादा आली की फक्त बिल लावायचं राहील.

मोजमापवही
वरच्यांनी अनुदानाचं सांगितलं, मी खोल्यांचं सांगतो. 25,000 मध्ये छत होत नाही, कौलं फिरवून होतात.

कुलूपबंद खोलीसाठी शब्द एकच: निर्लेखन, म्हणजे ती खोली सरकारी नोंदीतून रीतसर काढून टाकणं. जोवर ती खोली कागदावर उभी आहे तोवर नवी खोली मिळत नाही. क्रम असा: समितीचा ठराव, ग्रामसभेचा किंवा ग्रामपंचायतीचा ठराव, खोलीचे चारही बाजूंनी फोटो, बांधकामाचं वर्ष, बांधकाम उपविभागाच्या उपअभियंत्याचा "वापरास अयोग्य" दाखला आणि निघणाऱ्या साहित्याचं मूल्यांकन. मग गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे. मंजुरी येण्याआधी गावानं श्रमदानातून भिंत पाडली तर शासकीय मालमत्ता विनापरवाना पाडल्याचा मुद्दा निघतो. तेव्हा उत्साह आवरा.

दुसरी गोम यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत. शाळेच्या माहितीत खोल्यांची स्थिती भरावी लागते: चांगली, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती. मागच्या वर्षीचा फॉर्म तसाच पुढे ढकलला की चारही खोल्या "चांगल्या" राहतात, आणि तालुक्याची मागणी काढताना तुमची शाळा यादीतच येत नाही. तुमच्या शाळेचं रिपोर्ट कार्ड यू-डायसच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसतं. कोड 11 अंकी असतो: पहिले दोन राज्याचे (महाराष्ट्र 27), मग जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटचे दोन शाळेचे. आज रात्रीच उघडून बघा. खोल्यांचा रकाना चुकला असेल तर पुढचा सगळा पत्रव्यवहार पाण्यात.

तिसरं, जागा. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर (कर आकारणीच्या नोंदवहीत) शाळेची नोंद आहे का? जुन्या शाळा कोणीतरी तोंडी दिलेल्या जागेवर उभ्या असतात आणि बांधकामाची मंजुरी आल्यावर वारसदार उगवतात.

गळक्या छताला विशेष दुरुस्ती म्हणतात. पैसा जिल्हा नियोजन समितीकडून (जिल्हा वार्षिक योजना) किंवा जिल्हा परिषदेच्या सेसमधून (स्वतःच्या उत्पन्नातून). अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, हा क्रम चुकत नाही. असा निधी जिल्हा परिषदेला मिळालेल्या वर्षात आणि त्याच्या पुढच्या वर्षात खर्चता येतो, म्हणून "निधी नाही" असं उत्तर आलं तर विचारायचं: मागच्या वर्षीच्या अखर्चित रकमेतून किती कामं मंजूर झाली? काम सुरू झालं की ठेकेदाराचं बिल मोजमाप पुस्तिकेवर निघतं. पत्रा किती गेजचा लिहिलाय आणि वर कुठला बसलाय, हे समितीनं छतावर असतानाच बघावं. रंग दिल्यावर काही कळत नाही.

नवा_सदस्य
आभार. रिपोर्ट कार्ड उघडलं. चारही खोल्या "चांगल्या" आहेत! शिक्षकाच्या रिक्त जागेचं आणि ग्रामपंचायतीच्या पैशाचं कोणी सांगेल का?

हजेरीपट
रिपोर्ट कार्डातली चूक पुढच्या वेळी फॉर्म भरताना दुरुस्त होते, पण आत्ताच केंद्रप्रमुखांना लेखी कळवा आणि पोच घ्या.

पदांबद्दल. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात 1 ली ते 5 वीला 60 पर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3, 91 ते 120 ला 4. तुम्ही 64 वर आहात, म्हणजे काठावर. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती पदं ते ठरवणं, होते ती 30 सप्टेंबरच्या पटावर, आणि आधार जुळलेलीच मुलं मोजली जातात. पाच मुलांच्या आधारवर नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी निघाली की 64 चे 59 झाले, आणि तिसरं पद कागदावरूनच गेलं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुलं, आधारच नसलेली मुलं, हजेरीपटावर एक नाव आणि आधारवर दुसरं असलेली मुलं: ही यादी ऑगस्टमध्ये काढा, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे. राज्यानं 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयात निकष नव्यानं मांडले आहेत, त्यामुळे परिशिष्टातला आकडा घेऊन भांडायला जाण्याआधी तो निर्णय वाचून जा.

मंजूर असून रिकामं असलेलं पद हा वेगळा मामला. भरती पवित्र या शासकीय पोर्टलवरून होते आणि जिल्हा परिषदेची बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंद) तपासून झाल्याशिवाय जाहिरात लागत नाही. ते तुमच्या हातात नाही. पण कायद्याचं कलम 26 सांगतं की रिक्त पदं मंजूर पदांच्या 10 टक्क्यांवर जाता कामा नयेत. तीनात एक रिकामं म्हणजे 33 टक्के. कलम 32 खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करता येते, तिनं तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि त्यावर अपील राज्य बालहक्क आयोगाकडे. नुसतं "शिक्षक द्या" असं निवेदन आवक-जावकमध्ये विरतं. कलम लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. तोवर गटशिक्षणाधिकारी कामगिरीवर (दुसऱ्या शाळेतून तात्पुरता) शिक्षक देऊ शकतात, तेही त्याच अर्जात मागा.

लेखाशीर्ष
ग्रामपंचायतीचं मी सांगतो. 15 व्या वित्त आयोगाच्या पैशाचे दोन भाग होते: 60 टक्के बंधित (पाणी आणि स्वच्छता), 40 टक्के अबंधित. शाळेचं स्वच्छतागृह, हात धुण्याची जागा, पाण्याची टाकी ही बंधित निधीत चपखल बसणारी कामं. फरशी, कुंपण अबंधितमधून. पगार मात्र यातून देता येत नाही. काम गावाच्या विकास आराखड्यात नसेल तर सरपंचाची इच्छा असूनही खर्च टाकता येत नाही. म्हणून ग्रामसभेत विषय लेखी द्या, इतिवृत्तात आल्याची खात्री करा आणि ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर चढलेला आराखडा तपासा. "शाळा दुरुस्ती" असं मोघम लिहू नका; "मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणीजोड व टाकी" असं लिहा.

चवनोंदवही
पैशाच्या यादीत पोषण आहार राहिला. पाचवीपर्यंत प्रत्येक मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ. 64 मुलं हजर असतील तर 6 किलो 400 ग्रॅम. शिजवण्याचा खर्च 1 मे 2025 पासून प्राथमिकला प्रतिदिन 6 रुपये 78 पैसे, म्हणजे 64 मुलांना 433 रुपये 92 पैसे. ही सगळी रक्कम रोख येत नाही. डाळ, तेल, मसाला पुरवठादाराकडून मालाच्या रूपात येतो, शाळेकडे इंधन-भाजीपाल्याचा भाग. समितीनं महिन्यातून एकदा अचानक जाऊन तीन आकडे शेजारी ठेवावेत: हजेरीपटावरची मुलं, आहाराच्या नोंदीतली मुलं, समोर बसलेली मुलं. पोती मोजताना वजनकाटा लावा. पन्नासचं पोतं पन्नासचंच भरेल असं नाही.

पाटीवरचा_उतारा
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. श्रेणीवर जाऊ नका, आणि जिल्ह्याच्या क्रमवारीवरही नको. 4 डिसेंबर 2024 ला झालेलं परख हे देशपातळीवरचं शाळांमधलं सर्वेक्षण 3 री, 6 वी, 9 वीचं. त्याचा अहवाल जिल्ह्याचा असतो, एका शाळेचा नव्हे. असर या 'प्रथम' संस्थेच्या ग्रामीण पाहणीत जिल्ह्यातली 30 गावं, प्रत्येकी 20 घरं. मुलं घरी तपासली जातात, म्हणजे खासगी शाळेतलीही येतात. जिल्हा कामगिरी निर्देशांक 600 गुणांचा, त्यात मुलं काय शिकली याबरोबर इमारत, डिजिटल सोयी, प्रशासन असं सगळं मिसळलेलं. तो वर गेला म्हणजे मुलं वाचू लागली असं नाही. तुलनेला एक आकडा: असर 2024 मध्ये देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी 23.4 टक्के दुसरीचा उतारा वाचू शकली. 2022 मध्ये 16.3.

तुमच्या शाळेसाठी असं करा. दुसरीच्या पातळीचा, मुलांनी न पाहिलेला आठ-दहा ओळींचा उतारा घ्या. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला एकट्याला बोलावून वाचायला द्या. अडलं तर सोपा परिच्छेद, मग शब्द, मग अक्षरं. गणितात हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी भागाकार. एका मुलाला पाच-सहा मिनिटं, दोन दिवसांत होतं. कागदावर चार रकाने: उतारा, परिच्छेद, शब्द, अक्षर. टक्के काढू नका, नावं लिहा. असं वर्षातून तीनदा: जुलै, डिसेंबर, मार्च.

गोम ही की अक्षराच्या रकान्यातली नावं बहुधा तीच असतात जी महिन्याला सहा-सात दिवस गैरहजर असतात, किंवा ज्यांच्या घरची बोली वेगळी आहे. तीन नावं मार्चपर्यंत एकाच रकान्यात राहिली तर तो विषय पुढच्या सभेत घ्या, शिक्षकांना धारेवर धरायला नव्हे. रोज पाऊण तास त्या तिघांसाठी कोण बसणार हे ठरवायला. दोन शिक्षकांवर पाच वर्ग असताना ते आपोआप होणार नाही.

मोजमापवही
वीजबिल राहिलंच. बिलावर वर्गवारी बघा. शासकीय शाळेला "सार्वजनिक सेवा – शासकीय" हवी. "वाणिज्यिक" लिहिलेलं असेल तर महावितरणच्या उपविभागात मुख्याध्यापकांचं पत्र आणि यू-डायस रिपोर्ट कार्डची प्रत देऊन बदलून घ्या. थकबाकी भरण्याआधी वर्गवारीचा अर्ज द्या, मागच्या फरकाची मागणी त्याच अर्जात लिहा.

उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा जोडपत्र "अ" अर्ज: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. निर्लेखनाचं वेगळं, वीजबिलाचं वेगळं. दोन विषय एका अर्जात घातले की तेवढंच कारण पुरतं नाकारायला.