मदत हवी आहे: बंपर काढले, आता त्या जागी पत्रा कसा बनवू?

संथवाहक:
दोन्ही बंपर काढले. बोल्ट पार गंजले होते, दोन तर ग्राइंडरने कापले. आता पुढे जाळीखाली भगदाड आहे, चेसिसची टोकं उघडी पडलीत आणि मागचे कोपरे अर्धवट दिसतात. बंपर परत लावायचे नाहीत. त्या जागी बॉडीच्या रेषेत मिसळणारे पत्रे स्वतः बनवायचे आहेत. पत्रा किती जाडीचा घेऊ? वेल्डिंग करताना तो ओढला जाऊ नये म्हणून काय करता? जरा लवकर सांगा, पत्रा आणायला निघतोय.

जुनी_चाकं:
गाडी कोणती?

ठोकपीट:
0.9 मिमीचा मऊ सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला) पत्रा. 1.2 मिमीचा हाताने वळवताना जीव जातो आणि बाकीच्या बॉडीशी जुळतही नाही. पण निघू नका हो! आधी पुठ्ठा घ्या, गाडीवर चिकटवा, कापा, पुन्हा चिकटवा. चार पावलं मागे जाऊन बाजूने बघा. पुठ्ठ्यावर आवडलं नाही ते पत्र्यावरही आवडणार नाही.

संथवाहक:
एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. पण प्रश्न पत्र्याचा आहे, गाडीने काय फरक पडतो?

जुनी_चाकं:
खूप पडतो. 1974 च्या उत्तरार्धात एमजीबीचे चकचकीत क्रोमचे बंपर जाऊन जाड काळे बंपर आले, अमेरिकेच्या धडकेच्या नियमांमुळे. त्या गाड्यांत पुढचे इंडिकेटर बंपरमध्येच असतात. तुमची कुठली?

संथवाहक:
1977, काळे बंपर. हो, इंडिकेटरच्या वायरी लोंबतायत. ते नंतर बघू म्हटलं होतं.

जुनी_चाकं:
नंतर नाही, आधी. दिवा कुठे बसणार, त्याच्या मागे बल्ब बदलायला हात जाणार का, हे ठरल्याशिवाय पुढच्या पत्र्याचा आकार ठरतच नाही. रेडिएटरला हवा मिळायची वाटही तिथूनच आहे, ती बुजवू नका.

मूळरूप:
एवढा खटाटोप कशाला? क्रोमवाल्या गाडीची पुढची खालची पट्टी आणि मागच्या मडगार्डचे कोपरे तयार मिळतात. ते जोडा आणि क्रोम बंपर लावा. जुन्या गाडीचा चेहरा बदलायचा अधिकार आपल्याला नाही, असं मला मनापासून वाटतं.

ठोकपीट:
बंपर नकोत असं त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. आणि 1977 च्या गाडीला क्रोम लावणं हाही चेहरा बदलणंच झालं की.

मूळरूप:
निदान तो त्याच घराण्यातला चेहरा. असो. काळे बंपर आले तेव्हा या गाड्या एक-दीड इंच उंच केल्या होत्या. खरी शोभा जाते ती त्या उंचीने. आधी गाडी खाली घ्या.

राळ_आणि_कापड:
फायबरग्लास करा. फोमचा आकार घासून घ्या, त्यावरून साचा काढा. गंज नाही, वजन नाही. माझ्या गाडीचा पुढचा भाग असाच केलाय, अजून एक तडा नाही.

ठोकपीट:
बोल्टने लावून मध्ये फट ठेवली असेल तर तडा जाणार नाही, मान्य. पण यांना बॉडीत मिसळलेला हवाय. पत्रा आणि फायबर उन्हात सारखे फुगत नाहीत. सांध्यावर पुट्टी ओढली की रंगाखाली रेघ उमटतेच.

संथवाहक, ओढला जाण्याबद्दल: कडा एकमेकींना टेकवून जोडा, एकावर एक चढवू नका, आत पाणी बसून गंजतं. मिग (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन) असेल तर 0.6 मिमीची तार. बोटभर अंतरावर टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके), एक या टोकाला, एक त्या टोकाला, मग त्यांच्या मध्ये. हात लावता आला की पुढचा टाका. पाणी मारून गार करू नका. टाका गार होताना आकसतो, म्हणून खाली डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून हलके ठोकून त्याला पुन्हा ताणायचं. हे मला फार उशिरा कळलं आणि त्यानंतर पुट्टी निम्मी लागायला लागली.

गोलाई मोठी असेल तर एकसंध पत्र्याचा हट्ट नको. टणक लाकडाचा साचा करा, कडा त्यावर ठोकून वळवा, दोन-तीन तुकड्यांत बनवून जोडा.

रातपाळी:
टाकीबद्दल कोणीच कसं बोललं नाही? एमजीबीची पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाखाली असते, मागच्या कोपऱ्यांपासून हाताच्या अंतरावर. पूर्ण काढून लांब ठेवा. नुसती रिकामी करून चालत नाही, रिकाम्या टाकीतली वाफ जास्त घातक. सीटमागची बॅटरी सोडवा, अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) प्लगही काढा.

संथवाहक:
टाकी उद्याच उतरवतो. पुढचा पत्रा वेल्ड न करता बोल्टने लावायचा विचार करतोय, रेडिएटर काढायला सोपं जाईल. मागचे कोपरे मात्र वेल्डच. चेसिसच्या उघड्या टोकांचं काय करू?

जुनी_चाकं:
ती झाकायची नाहीत, जोडायची. दोन टोकांमध्ये आडवी लोखंडी नळी बोल्टने बसवा, बंपरच्याच भोकांत. तुमच्या पुढच्या पत्र्यालाही तिचाच आधार मिळेल, नाहीतर वाऱ्याने थरथरत राहील. त्या भोकांचे फोटो मोजपट्टी धरून टाका.

राळ_आणि_कापड:
आणि इंडिकेटरच्या खोबणीपुरता तरी फायबरचा विचार करा!