मदत हवी आहे - अलमीडा काउंटीचं कोर्टहाउस ओकलंडला नक्की कधी गेलं आणि का?

नमस्कार मंडळी, बे एरियातले (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे) बरेच जण इथे असतात म्हणून विचारतेय. आम्ही युनियन सिटीत राहतो, लेक चौथीत आहे, इथे चौथीला कॅलिफोर्नियाचा इतिहास असतो आणि तिने प्रोजेक्टला विषय घेतलाय की आपल्या अलमीडा काउंटीची सीट, म्हणजे आपण जिल्ह्याचं ठिकाण म्हणतो ते, कुठून कुठे हललं. कारण पहिलं ठिकाण आमच्याच भागात होतं, अल्वाराडोला! मी इतकी वर्षं रोज अल्वाराडो-नाइल्स रोडवरून जाते पण हे मला तिच्याकडून कळलं.

दोघींनी मिळून जमवलंय ते असं. 1853 च्या मार्चमध्ये कॉन्ट्रा कोस्टा आणि सँटा क्लारा या दोन काउंट्यांचे तुकडे जोडून अलमीडा काउंटी झाली. ते बिल मांडणारा आमदार हेन्री स्मिथ आणि अल्वाराडोतलं दुमजली दुकान पण त्याचंच (भागीदारीत), त्याच दुकानात जूनपासून काउंटीचं कोर्ट भरायला लागलं. मग 1854 ला मतदान झालं त्यात सॅन लिआंड्रो जिंकलं, तिथे एस्तुदियो कुटुंबाच्या घरात कचेरी थाटली आणि 1855 ला ते घर जळालं, परत सगळं बाडबिस्तार अल्वाराडोला, शेवटी 1856 मध्ये विधिमंडळाने कायदा करून सॅन लिआंड्रो पक्कं केलं.

इथपर्यंत ठीक आहे, अडलंय पुढे. बहुतेक ठिकाणी लिहिलंय की 21 ऑक्टोबर 1868 च्या भूकंपात सॅन लिआंड्रोचं कोर्टहाउस पडलं आणि सीट ओकलंडला गेली. पण ओकलंडचं साल कुठे 1873 दिलंय, कुठे 1875, आणि मधेच ब्रुकलिन नावाचं गाव येतं. लेक विचारते, आई मग भूकंपानंतर पाच वर्षं ते लोक बसत कुठे होते? मला उत्तर देता आलं नाही. टीचरला चुकीचं कारण लिहून द्यायचं नाहीये, प्लीज कोणाला माहिती असेल तर सांगा. सोमवारी पोस्टर द्यायचंय.

प्रतिसाद:
ताई, लेकीचा प्रश्न अगदी बरोबर जागी लागलाय. ते लोक सॅन लिआंड्रोतच बसत होते. पडलेलं कोर्टहाउस परत बांधलं आणि काम तिथेच चालू राहिलं, म्हणून नुसतं भूकंपामुळे सीट गेली असं लिहू नका. भूकंप मोठाच होता, सकाळी आठच्या सुमारास झाला, हेवर्ड फॉल्टवर (जमिनीखालच्या भेगेवर), एकूण तीसेक माणसं गेली आणि सॅन लिआंड्रोच्या कोर्टहाउसमध्ये एक डेप्युटी क्लार्क दगावला. 1906 चा होईपर्यंत लोक यालाच सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा भूकंप म्हणायचे.
खरं कारण रेल्वे. 1869 च्या नोव्हेंबरमध्ये देशभर आडवी जाणारी रेल्वे ओकलंडला पोचली, तिथून फेरीबोटीने समोर सॅन फ्रान्सिस्को. शिरगणती बघा, 1860 ला ओकलंडची वस्ती 1,543 होती ती 1870 ला 10,500 झाली. एवढी माणसं, एवढे जमिनीचे व्यवहार, आणि प्रत्येक कागदाला सॅन लिआंड्रो गाठायचं हे किती दिवस चालणार? माझ्या मते पोस्टरवर हे दोन आकडे मोठ्या अक्षरात टाकाच.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. सालांचं सांगतो, दोन्ही बरोबर आहेत. ब्रुकलिन म्हणजे आत्ताचं ईस्ट ओकलंड, लेक मेरिटच्या पूर्वेचा भाग, ते आधी वेगळं गाव होतं आणि 1872 ला ओकलंडमध्ये सामील झालं. 1873 ला सीट ओकलंडला आली पण कचेऱ्या सुरुवातीला या ब्रुकलिन भागात होत्या, मग 1875 ला ब्रॉडवेवरच्या नव्या कोर्टहाउसमध्ये गेल्या. म्हणून जो शहर धरतो तो 1873 म्हणतो आणि जो ब्रॉडवेची इमारत धरतो तो 1875. लेक मेरिटच्या काठावरचं पांढरं कोर्टहाउस त्याच्याही खूप नंतरचं, 1936 चं.
आणि मुलीला शनिवारी दोन ठिकाणी न्या. युनियन सिटी बुलेवार्डवर पहिल्या कोर्टहाउसच्या जागी राज्याने लावलेली पाटी आहे, तुमच्या घरापासून फार तर दहा मिनिटं. दुसरं, ओकलंडच्या मेन लायब्ररीत ओकलंड हिस्टरी सेंटर आहे, तिथे जुने नकाशे बघायला मागा. 1872 च्या आधीच्या नकाशात ब्रुकलिन वेगळं दिसलं की तिला सगळं एका नजरेत कळेल, मला तरी तसंच कळलं होतं.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दोघांचे, किती नेमकं सांगितलंत. तिला आत्ताच वाचून दाखवलं, तिने पोस्टरवरचं "भूकंपामुळे" खोडलं आणि तिथे रेल्वेचं इंजिन काढायला बसलीये. एकच शंका राहिली, लायब्ररीत नकाशा बघायला आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते का आणि लहान मुलांना आत घेतात का? कोणी मुलांना घेऊन गेलं असेल तर सांगा ना, शनिवारी सकाळीच निघायचा विचार आहे.