गणित संगणकाला कुंपण घालतं की वाट काढून देतं? (टोपणनावं घेतलेल्या तिघांचा वाद)

उंबरठा
ॲलन ट्यूरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने १९३६ मध्ये, इलेक्ट्रॉनिक संगणक जन्मायच्या आधीच, सिद्ध केलं की कुठलाही प्रोग्रॅम दिला तर तो थांबेल की फिरतच राहील हे हमखास सांगणारा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही. यंत्र कितीही वेगवान आणा. म्हणून म्हणतो, गणिताचं काम कुंपण घालायचं. वेग वाढवणं हार्डवेअरवाल्यांनी बघावं.

हातचा एक
साफ चूक! ४७ × ८२ शाळेतल्या रीतीने करा: अंकांचे चार गुणाकार. आता असं बघा. ४×८=३२, ७×२=१४, आणि (४+७)×(८+२)=११०. ११० मधून ३२ आणि १४ वजा केले की मधले ६४. ३२०० + ६४० + १४ = ३८५४. तीन गुणाकारांत काम झालं! मोठ्या संख्या अशाच अर्ध्या-अर्ध्या तोडत गेलं, तर अंक दुप्पट झाल्यावर कष्ट चौपट न होता साधारण तिप्पट होतात. मॉस्कोत १९६० मध्ये कोल्मोगोरोव्हसारखा दिग्गज गणितज्ञ म्हणत होता की शाळेतल्या रीतीपेक्षा मुळात वेगवान रीत नसणार. २३ वर्षांच्या कारात्सुबा या विद्यार्थ्याने आठवड्याभरात ही वरची रीत शोधली. यात हार्डवेअर कुठे आलं?

उंबरठा
छान, पण कोल्मोगोरोव्हचा तो अंदाज होता, प्रमेय नव्हे. अंदाज मोडला म्हणून कुंपण हललं असं होत नाही.

अर्धवटराव
(दोघांच्या मध्ये पडतो, शिव्या खायची तयारी आहे.) कुंपण आहे, पण नेमकं कुठे ते कुणाला ठाऊक? ट्यूरिंग यंत्र म्हणजे लांबलचक पट्टीवर खुणा वाचत-लिहीत ठरलेल्या नियमांनी चालणारा कागदावरचा संगणक; अवस्था जितक्या जास्त, तितका नियमांचा तक्ता मोठा. पाच अवस्थांची अशी यंत्रं घ्या, कोऱ्या पट्टीवर सोडा. जी थांबतात त्यांतलं सर्वांत चिवट यंत्र ४,७१,७६,८७० पावलं चालतं. ते १९८९ मध्येच सापडलं होतं. त्याहून जास्त चालून थांबणारं दुसरं नाही, हे सिद्ध व्हायला २०२४ उजाडलं. तेही बरंचसं इंटरनेटवर जमलेल्या हौशी मंडळींनी केलं, आणि सिद्धता संगणकाकडूनच तपासून घेतली.

उंबरठा
सहा अवस्थांचं बोला की. तिथे एक यंत्र कोलाट्झसारख्या कोड्यात अडकलंय (कोलाट्झचं कोडं: संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा; असं करत राहिलं तर दरवेळी शेवटी १ येतो का?). ते थांबतं का, हे सांगायला गणितच नाही आपल्याकडे.

हातचा एक
आज नाही. कधीच सांगता येणार नाही, हा तुमचा अंदाज झाला की प्रमेय?